पॉलिसी देऊनही व्हीडॉममधली वाहतूक अडते : दर हंगामात परतणाऱ्या बिघाडाचे निवारण

एकाच फोर्टिगेट फायरवॉलवर (नेटवर्कमधली ये-जा तपासणाऱ्या यंत्रावर) दोन किंवा अधिक व्हीडॉम, म्हणजे त्याच यंत्रातले स्वतंत्र आभासी फायरवॉल, चालू असतात. एका व्हीडॉममधील संगणकाला दुसऱ्या व्हीडॉममधील सर्व्हरपर्यंत जाऊ देणारी पॉलिसी, म्हणजे परवानगीचा नियम, लिहिलेली असते, ती यादीत दिसते, चालूही असते, आणि तरीही जोडणी होत नाही. समस्या एवढीच आहे. मात्र ती एकदा सुटल्यासारखी वाटते, काही महिने कोणी तिचे नाव काढत नाही आणि ऐन कामाच्या गर्दीत ती पुन्हा उभी राहते. म्हणून या वेळी वाहतूक कशी सुरू करावी याबरोबरच ती पुन्हा पुन्हा का बंद पडते, हेही येथे मांडले आहे.

ज्या ठिकाणाच्या आधारे हे लिहीत आहे, ते यवतमाळ जिल्ह्यातील एक जिनिंग-प्रेसिंगचे आवार आहे. तेथे फाटकाजवळच्या वजनकाट्यांचे संगणक ‘काटा’ या व्हीडॉममध्ये आहेत. हिशेब, चुकारे आणि गाठींचा साठा सांभाळणारा सर्व्हर ‘कचेरी’ या व्हीडॉममध्ये आहे. इंटरनेटची फायबर लाइन आणि तिच्या मदतीला ठेवलेला ४जी राउटर हे दोन्ही फोर्टिगेटमध्ये मुळातच असणाऱ्या ‘रूट’ व्हीडॉममध्ये आहेत. त्याला पुढे मुख्य व्हीडॉम म्हटले आहे. काट्याचे नेटवर्क १०.२०.१०.०/२४ (/२४ म्हणजे पत्त्याचे पहिले तीन आकडे ठरलेले), कचेरीचे १०.२०.१६.०/२४ आणि सर्व्हरचा पत्ता १०.२०.१६.५ असा आहे. काटा आणि कचेरी यांच्यामध्ये थेट दुवा नाही. दोन्ही व्हीडॉम आपापल्या इंटर-व्हीडॉम लिंकने मुख्य व्हीडॉमला जोडलेले आहेत. काट्याच्या लिंकचे एक टोक काटा व्हीडॉममध्ये १०.२५५.१.१ या पत्त्यावर आणि दुसरे मुख्य व्हीडॉममध्ये १०.२५५.१.२ या पत्त्यावर आहे, आणि कचेरीच्या लिंकची रचनाही तशीच १०.२५५.२.० या मालिकेत केलेली आहे.

कापसाची गाडी काट्यावर चढली, वजन स्थिर झाले आणि ऑपरेटरने कळ दाबली की काट्यावरचा प्रोग्राम सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये नोंद करतो आणि त्यानंतरच काटापट्टी छापली जाते. शेतकऱ्याचा चुकारा त्या नोंदीवरून निघतो. त्यामुळे ही जोडणी तुटली की फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत जाते आणि फोनवर तक्रार येते ती एकाच वाक्यात : “पावती निघूनच नाही राहिली, भाऊ.” या वाक्यात नेटवर्कचा उल्लेख नसतो आणि तो असण्याची अपेक्षाही करू नये. पहिले काम म्हणजे काट्यावरच्या संगणकाचा आयपी पत्ता नेमका काय आहे ते विचारून लिहून घेणे, कारण पुढचा सगळा शोध त्या पत्त्यावर चालतो.

एक पाकीट, तीन फायरवॉल

व्हीडॉम म्हणजे एका फायरवॉलच्या पॉलिसी यादीतील एक विभाग, असा समज बऱ्याच जणांच्या मनात असतो आणि निम्मा घोळ तेथूनच सुरू होतो. प्रत्यक्षात प्रत्येक व्हीडॉमचे राउटिंग टेबल (कोणत्या पत्त्याकडे कोणत्या वाटेने जायचे याची यादी) वेगळे असते, पॉलिसींची यादी वेगळी असते, ॲड्रेस ऑब्जेक्ट आणि सर्व्हिस ऑब्जेक्ट (पत्त्यांना आणि सेवांना दिलेली नावे) वेगळे असतात आणि सेशन, म्हणजे चालू जोडण्यांच्या नोंदी, हीही वेगळी धरली जातात. एका व्हीडॉमने पाकीट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा, मान्य केले हे दुसऱ्याला कळत नाही. लिंकच्या दुसऱ्या टोकातून ते पाकीट बाहेर पडते तेव्हा तो व्हीडॉम त्याच्याकडे बाहेरून आलेल्या कोणत्याही पाकिटासारखेच पाहतो. आवाराच्या फाटकावर गाडीची नोंद झाली म्हणून सरकीच्या गोदामाचे कुलूप आपोआप उघडत नाही, तसाच हा प्रकार आहे.

म्हणून आपल्या मांडणीत काट्याहून सर्व्हरपर्यंत जाणाऱ्या पाकिटाला तीन पॉलिसी लागतात. पहिली काटा व्हीडॉममध्ये, लॅनकडून लिंककडे. दुसरी मुख्य व्हीडॉममध्ये, काट्याच्या लिंककडून कचेरीच्या लिंककडे. तिसरी कचेरी व्हीडॉममध्ये, लिंककडून सर्व्हरच्या लॅनकडे. उत्तरासाठी उलट दिशेच्या पॉलिसी लागत नाहीत, कारण प्रत्येक व्हीडॉम आपापले सेशन लक्षात ठेवतो. मात्र कचेरीतून काट्याच्या संगणकावर रिमोट डेस्कटॉपने जायचे असेल तर ती वाहतूक कचेरीतून सुरू होत असल्यामुळे तिच्यासाठी तीन वेगळ्या पॉलिसी लिहाव्या लागतात. पॉलिसीइतकेच राउट महत्त्वाचे आहेत. काटा व्हीडॉममध्ये आणि कचेरी व्हीडॉममध्ये मुख्य व्हीडॉमकडे जाणारा डिफॉल्ट राउट (दुसरा नेमका राउट नसेल तेव्हा वापरायचा) हवा, आणि मुख्य व्हीडॉममध्ये दोन्ही नेटवर्कचे राउट आपापल्या लिंकवर हवेत.

लिंक साध्या प्रकारची, म्हणजे पीपीपी असेल, तर स्टॅटिक राउटमध्ये फक्त इंटरफेस दिला तरी चालते. लिंक इथरनेट प्रकारची असेल किंवा नेटवर्क प्रोसेसरवर चालणारी एनपीयू व्हीलिंक असेल, तर पलीकडच्या टोकाचा पत्ता गेटवे म्हणून द्यावाच लागतो. तो दिला नाही तर राउट टेबलमध्ये दिसतो, पण पाकीट लिंकवर कोणाला द्यायचे हेच फायरवॉलला कळत नाही. जुन्या फायरवॉलवरील कॉन्फिगरेशन नव्या मोठ्या फायरवॉलवर नेताना साध्या लिंकच्या जागी एनपीयू लिंक वापरली, तर राउटच्या या ओळी जशाच्या तशा उतरवू नयेत.

अंदाज बांधण्याआधी ट्रेस

बिघाड कोणत्या व्हीडॉममध्ये आहे हे ठरवण्यासाठी पॉलिसींच्या याद्या डोळ्यांखालून घालत बसणे हा वेळखाऊ मार्ग आहे. कमांड लाइनवर ‘डायग्नोज डिबग फ्लो फिल्टर’ने काट्याच्या संगणकाचा पत्ता लावावा, ‘डायग्नोज डिबग फ्लो ट्रेस स्टार्ट’ला पाकिटांची मर्यादित संख्या द्यावी, ‘डायग्नोज डिबग एनेबल’ करावे आणि ऑपरेटरला पुन्हा एकदा कळ दाबायला सांगावे. ट्रेसमध्ये, म्हणजे पाकिटाच्या प्रवासाच्या या नोंदीत, पाकीट आल्याची ओळ त्या व्हीडॉमच्या नावाने सुरू होते. त्यामुळे पाकीट काट्यातून निघाले का, मुख्य व्हीडॉममध्ये शिरले का आणि कचेरीत पोहोचले का, हे क्रमाने वाचता येते. ज्या व्हीडॉमच्या नावानंतर ट्रेस थांबतो, तेथेच थांबून पुढची ओळ वाचावी.

‘डिनाइड बाय फॉरवर्ड पॉलिसी चेक’ आणि पुढे पॉलिसी शून्य, असे दिसले तर राउट सापडला आहे, पण त्या व्हीडॉममध्ये जुळणारी पॉलिसी नाही. यादीत पॉलिसी असूनही हे येते, तेव्हा बहुतेक वेळा येणारा किंवा जाणारा इंटरफेस चुकीचा निवडलेला असतो, नाही तर ॲड्रेस ऑब्जेक्टमध्ये नवा पत्ता नसतो. ॲड्रेस ऑब्जेक्टच्या बाबतीत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते : ‘काट्याची यंत्रे’ हे एकाच नावाचे ऑब्जेक्ट तिन्ही व्हीडॉममध्ये असले तरी ती तीन वेगळी ऑब्जेक्ट आहेत, आणि एका ठिकाणी केलेला बदल उरलेल्या दोन ठिकाणी होत नाही. नाव सारखे असल्यामुळे उलट फसगतच होते.

‘रिव्हर्स पाथ चेक फेल, ड्रॉप’ ही ओळ दिसली तर पॉलिसीकडे पाहूच नये. पाकीट ज्या इंटरफेसमधून आले, त्याच इंटरफेसकडे त्या पाकिटाच्या मूळ पत्त्याचा राउट या व्हीडॉमला ठाऊक नाही, एवढाच तिचा अर्थ आहे. पाकीट खोट्या पत्त्याने आले असावे असे समजून फायरवॉल ते टाकून देतो. अशा वेळी कितीही मोकळी पॉलिसी लिहिली, ‘ऑल’ ते ‘ऑल’ केली, तरी फरक पडत नाही, कारण ही तपासणी पॉलिसीच्या आधी होते. या एका ओळीचा अर्थ माहीत नसल्यामुळे एरवी नीट असलेल्या यादीत वरच्या बाजूला दोन-तीन मोकळ्या पॉलिसी लिहिल्या जातात. त्या नंतर कोणी काढत नाही आणि फायरवॉल असून नसल्यासारखा होतो.

‘नो सेशन मॅच्ड’ असे आले तर बहुधा पहिले पाकीट एका वाटेने गेले आहे आणि उत्तर दुसऱ्या वाटेने येत आहे. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे असतील आणि त्यांतील एकावर वेगळा गेटवे दिलेला असेल, तर हे हमखास घडते.

‘आयप्रोप इन चेक’ने सुरू होणारी ओळ वेगळ्या प्रकारची आहे. ते पाकीट फायरवॉलमधून पलीकडे जाण्यासाठी आलेले नसून फायरवॉलच्याच पत्त्याला आलेले आहे आणि त्या इंटरफेसवर ती सेवा चालू नाही. लिंकच्या १०.२५५.१.२ या पत्त्याला पिंग (पत्ता उत्तर देतो का याची चाचणी) लागत नाही म्हणून लिंक तुटली, असा निष्कर्ष काढणारे भेटतात; त्या इंटरफेसवरच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ॲक्सेसमध्ये पिंगला परवानगी नसेल, तर लिंक ठणठणीत असूनही पिंग लागणार नाही.

पिंगचा आणखी एक धोका सांगणे आवश्यक आहे. काटा व्हीडॉमच्या कमांड लाइनवरून ‘एक्झिक्यूट पिंग’ने सर्व्हरला पिंग केले आणि ते लागले, म्हणजे काट्याच्या संगणकाचीही वाट मोकळी आहे, असे मुळीच सिद्ध होत नाही. फायरवॉलने स्वतः तयार केलेल्या पाकिटाला त्याच व्हीडॉमची फॉरवर्ड पॉलिसी लागत नाही, आणि त्या पाकिटाचा मूळ पत्ता लिंकचा असतो, लॅनचा नसतो. त्यामुळे काटा व्हीडॉमची पॉलिसी आणि मुख्य व्हीडॉममधला परतीचा राउट, म्हणजे नेमक्या ज्या दोन गोष्टी बिघडण्याची शक्यता सर्वांत अधिक, त्या या परीक्षेत येतच नाहीत. पिंग-ऑप्शन्समध्ये सोर्स म्हणून लॅन इंटरफेसचा पत्ता दिला तर राउटची परीक्षा होते, पण काटा व्हीडॉममधल्या पॉलिसीची होत नाही. ती काट्यावरच्या खऱ्या संगणकावरूनच करावी लागते.

नॅट लावले की चालते, आणि तेथेच रोग दबतो

दर हंगामात बिघाड परतण्याचे खरे कारण आता सांगतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास आवक वाढू लागली की दुसऱ्या फाटकावर नवा काटा बसवला जातो. त्याच्यासाठी स्विचवर नवे व्हीलॅन (त्याच स्विचवरचा वेगळा विभाग) काढून १०.२०.११.०/२४ हे नवे नेटवर्क काटा व्हीडॉममध्ये दिले जाते. काटा व्हीडॉममध्ये पॉलिसी लिहिली जाते. मुख्य व्हीडॉममध्ये मात्र १०.२०.१०.०/२४ एवढाच राउट असतो, नव्या नेटवर्कचा नसतो. मुख्य व्हीडॉमचा डिफॉल्ट राउट फायबर लाइनकडे असल्यामुळे काट्याच्या लिंकमधून आलेले १०.२०.११ मालिकेतील पाकीट रिव्हर्स पाथच्या तपासणीत पडते.

अशा वेळी घाईत असलेला माणूस काटा व्हीडॉममधल्या पॉलिसीत नॅटचे, म्हणजे पाकिटाचा मूळ पत्ता बदलण्याचे, बटण चालू करून पाहतो आणि पुढच्या पॉलिसींत लिंकचा पत्ता चालत असेल तर त्याच क्षणी जोडणी होते. का होते, हे समजून घेतले पाहिजे. नॅटमुळे पाकिटाचा मूळ पत्ता १०.२०.११.२० ऐवजी १०.२५५.१.१ होतो. हा पत्ता लिंकच्याच नेटवर्कमधला असल्यामुळे मुख्य व्हीडॉमला तो थेट जोडलेला दिसतो, रिव्हर्स पाथची तपासणी पार पडते आणि उत्तरही परत येते. राउट अजूनही नाहीच. नॅटने तो नसल्याचे झाकले आहे.

याची किंमत नंतर द्यावी लागते. नॅटनंतरच्या पाकिटासाठी मुख्य व्हीडॉममधल्या आणि कचेरीतल्या पॉलिसीत लिंकचा पत्ता मूळ पत्ता म्हणून लिहिला जातो, आणि तो लिहिताच काटा व्हीडॉममधून नॅट होऊन येणाऱ्या प्रत्येक यंत्राला सर्व्हरची वाट उघडते. त्यात उद्या तेथे जोडलेला एखादा कॅमेराही आला. कचेरीच्या लॉगमध्ये सगळ्या काट्यांच्या नोंदी एकाच पत्त्याच्या दिसतात, त्यामुळे कोणत्या काट्यावरून कोणती जोडणी झाली हे नंतर शोधता येत नाही. मग हिशेबनीसांची किंवा तपासनिसांची मागणी येते की प्रत्येक काट्याची नोंद वेगळी दिसली पाहिजे. कोणीतरी नॅट बंद करतो आणि काटा पुन्हा ठप्प होतो. हाच बिघाड पुन्हा परतला असे सर्वांना वाटते, पण तो गेलेलाच नव्हता.

माझे मत असे आहे की खासगी पत्त्यांच्या दोन व्हीडॉममधील वाहतुकीवर नॅट असूच नये. नॅटची जागा इंटरनेटकडे जाणाऱ्या शेवटच्या पॉलिसीवर, म्हणजे मुख्य व्हीडॉममध्ये आहे. दोन संस्थांची एकच पत्तामालिका एकमेकींवर येत असेल तर नॅटला पर्याय नाही, हे मान्य, पण एका आवारात आपणच पत्ते वाटत असताना ती वेळ येऊ देण्याचे कारण नाही. व्हीडॉममध्ये सेंट्रल नॅट चालू असेल तर पॉलिसीत नॅटचे बटणच दिसत नाही, म्हणून तेथे सेंट्रल एसनॅटची यादी उघडून पाहावी.

दुसरा खोटा उपाय याहून घातक आहे. कमांड लाइनवर ‘असिमराउट’ चालू केले की त्या व्हीडॉममध्ये रिव्हर्स पाथची तपासणी सुटते आणि वाहतूक सुरू होते. पण त्याबरोबर त्या व्हीडॉममधला फायरवॉल सेशनचा हिशेब ठेवून पाकिटे तपासण्याचे आपले मुख्य कामच सोडून देतो. इंटरनेट ज्यात उतरते त्या मुख्य व्हीडॉममध्ये हे कोणी करून ठेवलेले आढळले, तर इतर कोणत्याही दुरुस्तीआधी ते बंद करण्याची तयारी करावी.

नॅट काढण्याचा क्रम

चालू हंगामात नॅट एकदम काढल्यास काटा बंद पडतो, म्हणून क्रम पाळावा. आधी मुख्य व्हीडॉममध्ये काट्याच्या सर्व नेटवर्कचे राउट काट्याच्या लिंककडे द्यावेत आणि ‘गेट राउटर इन्फो राउटिंग-टेबल ऑल’ने ते खरोखर टेबलमध्ये आले आहेत का ते पाहावे, कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेला राउट इंटरफेस बंद असल्यास टेबलमध्ये येत नाही. मग मुख्य व्हीडॉममधल्या आणि कचेरीतल्या पॉलिसीत लिंकच्या पत्त्याशेजारी काट्यांचे खरे पत्ते जोडावेत, म्हणजे दोन्ही प्रकारची पाकिटे काही काळ चालतील. त्यानंतर, रात्री काटा बंद झाल्यावर, काटा व्हीडॉममधल्या पॉलिसीवरचे नॅट काढावे आणि त्या पत्त्यांची जुनी सेशन फिल्टर लावून मोकळी करावीत. ‘डायग्नोज सिस सेशन क्लिअर’ ही कमांड फिल्टर न लावता दिल्यास सगळीच सेशन तुटतात, हे ध्यानात असू द्यावे. सकाळी पहिल्या गाडीची काटापट्टी निघाली आणि कचेरीच्या लॉगमध्ये काट्याचा खरा पत्ता दिसला, की दोन्ही पॉलिसींतून लिंकचा पत्ता काढून टाकावा.

पुढच्या हंगामात तोच बिघाड येऊ नये यासाठी पत्त्यांची वाटणी बदलणे हा पक्का इलाज आहे. प्रत्येक व्हीडॉमला एक सलग पट्टा राखून द्यावा. आपल्या मांडणीत काट्याला १०.२०.०.०/२०, म्हणजे १०.२०.०.० ते १०.२०.१५.२५५, आणि कचेरीला १०.२०.१६.०/२० दिले की मुख्य व्हीडॉममध्ये दोनच राउट पुरतात. काट्यासाठी उद्या कितीही नवी नेटवर्क काढली, तरी ती त्या पट्ट्यात बसतील तोवर मुख्य व्हीडॉमच्या राउटला हात लावावा लागत नाही. पॉलिसीत मात्र संपूर्ण पट्टा मोकळा करू नये. मुख्य व्हीडॉममध्ये पट्ट्याचे ऑब्जेक्ट वापरले तरी सर्व्हरच्या तोंडावरच्या, म्हणजे कचेरीतल्या, पॉलिसीत नेमके काटेच असावेत.

पट्ट्याचा राउट दिला की एक पूरक काम करणे भाग आहे. पट्ट्यातील वापरात नसलेल्या पत्त्याला, समजा १०.२०.७.७ ला, कोणी पाकीट पाठवले तर मुख्य व्हीडॉम ते काट्याकडे पाठवतो, काट्याला तो पत्ता माहीत नसल्यामुळे तो डिफॉल्ट राउटने ते मुख्य व्हीडॉमकडे परत पाठवतो, आणि टीटीएल, म्हणजे पाकिटाच्या टप्प्यांची मर्यादा, संपेपर्यंत पाकीट दोघांमध्ये फिरत राहते. म्हणून काटा व्हीडॉममध्ये १०.२०.०.०/२० चा ब्लॅकहोल राउट (पाकीट टाकून देणारा) २५४ इतक्या डिस्टन्सने, म्हणजे अगदी शेवटच्या पसंतीने, द्यावा. प्रत्यक्ष वापरातली /२४ नेटवर्क अधिक नेमकी असल्यामुळे त्यांची वाहतूक या राउटने अडत नाही. कचेरीतही तिच्या पट्ट्यासाठी हेच करावे.

फायबर तुटल्यावर काटा का बंद पडतो

काटा आणि सर्व्हर एकाच आवारात असताना इंटरनेटची लाइन गेल्यावर काटापट्टी निघू नये, हे ऐकायला विचित्र वाटते, आणि तक्रार करणाऱ्यावर सहसा कोणी विश्वास ठेवत नाही. पण ती तक्रार खरी असू शकते. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली की कचेरीतील कोणीतरी मुख्य व्हीडॉममध्ये पॉलिसी राउट लिहितो : काट्याच्या लिंककडून आलेले, कोठेही जाणारे, ४जी राउटरकडे पाठवा. पॉलिसी राउट हा राउटिंग टेबलच्या आधी पाहिला जातो. ‘कोठेही’ यात कचेरीही आली, म्हणून सर्व्हरकडे निघालेले पाकीट टेबलमधला कचेरीचा राउट न पाहता मोबाइल टॉवरच्या दिशेने निघते. ट्रेसमध्ये जाणारा इंटरफेस कचेरीच्या लिंकऐवजी ४जीचा दिसला की हे कारण पक्के झाले असे समजावे. ‘डायग्नोज फायरवॉल प्राउट लिस्ट’ने लागू असलेले पॉलिसी राउट पाहता येतात.

उपाय सोपा आहे. त्या ओळीच्या वर १०.२०.०.०/१६ कडे जाणाऱ्या वाहतुकीसाठी ‘स्टॉप पॉलिसी राउटिंग’ ही कृती असलेला पॉलिसी राउट द्यावा, म्हणजे आवारातली वाहतूक नेहमीच्या टेबलवरून जाते आणि उरलेली ४जीवर जाते. खरे तर दोन लाइनींची अदलाबदल हाताने न करता डिस्टन्स, प्रायॉरिटी आणि लिंक मॉनिटरवर सोपवावी; हाताने लिहिलेली ओळ फायबर जोडल्यावर काढायचे राहून जाते.

विजेचा संबंधही तपासावा. गावातला फीडर बंद पडून फायरवॉल बंद-चालू झाल्यावर आदल्या दिवशी दिलेली पॉलिसी गायब झाली असेल, तर ग्लोबल सेटिंगमध्ये ‘सीएफजी-सेव्ह’ मॅन्युअलवर आहे का ते पाहावे. मूळ सेटिंग ऑटोमॅटिक असते आणि त्यात बदल लगेच जतन होतो. मॅन्युअलमध्ये ‘एक्झिक्यूट सीएफजी सेव्ह’ दिल्याशिवाय तो फक्त मेमरीत राहतो आणि वीज जाताच जातो.

फायरवॉल निर्दोष असतो तेव्हा

ट्रेसमध्ये पाकीट तिन्ही व्हीडॉममधून पार झालेले दिसते, कचेरीत स्निफर (इंटरफेसवरची पाकिटे टिपणारी कमांड) चौथ्या पातळीवर लावला तर ते सर्व्हरच्या इंटरफेसमधून बाहेर जाताना दिसते, पण उत्तर येत नाही, अशी स्थिती असेल तर फायरवॉलवर आणखी वेळ घालवू नये. विंडोज सर्व्हरच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये फाइल शेअरिंगचे आणि पिंगचे तयार नियम प्रायव्हेट आणि पब्लिक प्रोफाइलमध्ये फक्त लोकल सबनेटपुरते असतात. सर्व्हर पूर्वी काट्यांसोबत एकाच नेटवर्कमध्ये होता आणि व्हीडॉम केल्यावर वेगळा झाला असेल, तर त्याला काटे आता परके वाटतात. त्या नियमांच्या स्कोपमध्ये काट्यांची नेटवर्क जोडावीत. सर्व्हरचा फायरवॉलच बंद करण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

पिंग लागते पण प्रोग्राम चालत नाही, याचे एक ठरलेले कारण डेटाबेसमध्ये आहे. एसक्यूएल सर्व्हर नेमड इन्स्टन्स (स्वतंत्र नाव दिलेली प्रत) म्हणून बसवला असेल तर तो १४३३ या नेहमीच्या पोर्टवर असेलच असे नाही. काट्यावरचा प्रोग्राम आधी यूडीपी १४३४ वर ब्राउझर सेवेला पोर्ट विचारतो आणि मग त्या पोर्टवर जातो, जो सर्व्हर पुन्हा चालू झाल्यावर बदलू शकतो. पॉलिसीत पोर्टांची मोठी मालिका मोकळी करण्यापेक्षा सर्व्हरवर एक पोर्ट कायमचा नेमून घ्यावा आणि तोच तिन्ही व्हीडॉमच्या पॉलिसीत द्यावा.

स्निफरविषयी एक सावधगिरी अशी की मोठ्या फायरवॉलवर सेशनची सुरुवातीची पाकिटे सोडली तर उरलेली नेटवर्क प्रोसेसरकडे जातात आणि स्निफरला दिसत नाहीत. ती दिसत नाहीत म्हणून वाहतूक थांबली असे समजू नये. तपासणीपुरते त्या पॉलिसीवर पाकिटे नेटवर्क प्रोसेसरकडे सोपवणारे ‘ऑटो-एसिक-ऑफलोड’ बंद करता येते, पण हे प्रत्येक व्हीडॉममधल्या पॉलिसीवर वेगळे करावे लागते आणि काम झाल्यावर आठवणीने पुन्हा चालू करावे लागते.

पालो अल्टोच्या फायरवॉलवर हाच प्रश्न व्हर्च्युअल सिस्टिमच्या रूपाने येतो. तेथे एक्स्टर्नल प्रकारचा झोन करावा लागतो, दोन्ही सिस्टिम एकमेकींना दिसतील अशी नोंद करावी लागते, आणि पॉलिसी दोन्हीकडे लिहाव्याच लागतात. कमांड वेगळ्या, पण पाकीट प्रत्येक ठिकाणी नव्याने तपासले जाते ही गोष्ट तीच.

फोर्टिगेटकडे परत येऊन, बिघाड पुढच्या वेळी लवकर सापडावा यासाठी दोन सेटिंग आधीच करून ठेवाव्यात. प्रत्येक व्हीडॉमच्या पॉलिसी यादीच्या तळाशी असलेल्या इम्प्लिसिट डिनायवर (कोणत्याही पॉलिसीत न बसणारी वाहतूक अडवणाऱ्या शेवटच्या नियमावर) अडवलेल्या वाहतुकीचा लॉग मूळ सेटिंगमध्ये बंद असतो. तो तिन्ही ठिकाणी चालू करावा, म्हणजे पॉलिसीअभावी अडलेले पाकीट ट्रेस न लावताही सापडते. रिव्हर्स पाथमध्ये पडलेल्या पाकिटासाठी मात्र ट्रेसच लावावा लागतो.

दुसरी सेटिंग कमांड लाइनवर काम करणाऱ्यांसाठी आहे. ‘कॉन्फिग व्हीडॉम’नंतर ‘एडिट’ देताना नाव चुकले, किंवा इंग्रजी अक्षरांपैकी एखादे लहानऐवजी मोठे पडले, तर फायरवॉल चूक दाखवत नाही, त्या नावाचा नवा रिकामा व्हीडॉम तयार करतो. मग त्या रिकाम्या व्हीडॉममध्ये पॉलिसी लिहायला गेले की इंटरफेसच सापडत नाहीत आणि माणूस गोंधळतो. नव्या आवृत्त्यांत ग्लोबल सेटिंगमध्ये ‘एडिट-व्हीडॉम-प्रॉम्प्ट’ चालू करता येते, म्हणजे नवा व्हीडॉम करण्याआधी फायरवॉल विचारतो. जुनी आवृत्ती असेल तर ‘एडिट’ दिल्यावर उत्तरादाखल येणाऱ्या ओळीत चालू व्हीडॉमचे नाव पाहूनच पुढची कमांड द्यावी, आणि चुकून तयार झालेला रिकामा व्हीडॉम त्याच बैठकीत काढून टाकावा.

काम संपल्यावर ‘डायग्नोज डिबग डिसेबल’ आणि ‘डायग्नोज डिबग रिसेट’ द्यावे, आणि ज्या पॉलिसींवर ऑफलोड बंद केले होते त्या तिन्ही व्हीडॉममध्ये उघडून ते पुन्हा चालू असल्याचे पाहावे.